जिन्याखालचं यंत्र

शाळेनं मोडीत काढलेला संगणक, पंचवीस युरो.
घेण्याआधी मी तो फक्त ऐकला.
पंखा काळी चारच्या किंचित खाली फिरत होता.
म्हटलं, चालेल. याच्याबरोबर राहता येईल.

चौतीस वर्षं हापसालूतले पियानो लावतो आहे,
चर्चमधला, बालवाडीतला, खाडीकाठच्या हॉटेलातला.
काम झालं की एक मिनिट वाजवून ध्वनिमुद्रित करतो.
कुणी सांगितलं नव्हतं.
आता ती मिनिटं सात पेनड्राइव्ह, दोन फुटके फोन
आणि एका बिस्किटाच्या डब्यात विखुरली आहेत.
त्यांना घर हवं होतं. भाड्याचं नको,
मालक कधी कुलूप बदलेल सांगता येत नाही.

पण कोणतं लिनक्स?

केर्तु, वरच्या मजल्यावरची, वय पंधरा,
मला नावानंच हाक मारते:
"तार्व्हो, आर्च घे. सगळं स्वतः बांधायचं."
मी म्हटलं, पोरी, मला घरात राहायचंय,
विटा भाजायच्या नाहीत.
टपाल कचेरीतला हेइगो म्हणाला, फेडोरा,
नवं ते आधी तिथं येतं.
नव्या तारा मी ओळखून आहे.
पहिलं वर्षभर नुसत्या ताणत राहतात, लावल्या की उतरतात.
मिंट देखणं. पण जिन्याखाली,
झाडू आणि स्कीच्या मधल्या फटीत,
जिथं पडदाच जोडायचा नाही,
तिथं आरसा कुणासाठी?

राहिली दोघं, डेबियन आणि उबुंटू,
आई आणि लेक म्हणा.
लेकीच्या दाराशी वाट सांगणारे पुष्कळ.
आई कमी बोलते.

खाडी गोठली. मी निवडतच होतो.
आइली बटाटे सोलता सोलता म्हणाली,
"नवशिक्याला तू कुठला पियानो देतोस?"
"ज्यावर चुकलेलं ऐकू येतं,
आणि चुकलं म्हणून काही तुटत नाही."
"मग?" म्हणाली, आणि साल न तुटता खाली उतरली.

उबुंटू टाकलं.
पासवर्ड लिहायला बसलो तर काहीच उमटेना,
ना अक्षर, ना ठिपका.
कीबोर्ड बिघडला म्हणून पाऊण तास उलटा करून झटकला,
शाळेतला खडू पडला थोडा.
केर्तु हसून लोळली.
ते तसंच असतं, म्हणे. ऐकतं, दाखवत नाही.

चौथ्या रात्री एका ओळीत
सगळ्या दारांच्या परवानग्या बदलून बसलो.
यंत्र मलाच ओळखेना.
पुसलं. पुन्हा टाकलं. बावीस मिनिटं.
दुसऱ्यांदा अठरा.
तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा पेनड्राइव्हवर डेबियन होतं;
केर्तुनं बदललं की मीच, आठवत नाही.
आणि आठवत नाही
याचंच मला बरं वाटलं.

आज्ञा वहीत लिहितो, पेन्सिलीनं.
काही खोडल्या आहेत, एकीपुढे "कधीच नाही" असं लिहून
दोनदा अधोरेखित केलंय.
फेब्रुवारीत वीज गेली, पहाटे आली.
अंथरुणातूनच ऐकलं:
काळी चार, किंचित खाली.
माझ्याविना उठलं होतं ते.

काल बालवाडीचा पियानो लावला.
म्हणजे त्याचं मिनिट. पियानो केव्हाच लाकूडफाट्यात गेला.
स्वयंपाकघरात फोनवर, जिन्याखालून येणारा आवाज,
मागे कुणी मूल खोकतंय,
आणि मधली पांढरी चार
उतरलेली. स्पष्ट उतरलेली.
तेव्हा मला ऐकू आली नव्हती.
पैसेही पूर्ण घेतले होते.

आइली म्हणाली, पुसून टाक हवं तर.
मी पुसलं नाही.
फाइलला नाव दिलं, तारीख घातली,
आणि पासवर्ड न बघता लिहिला.